वन्य प्राण्यांतील खरूज आणि आपली कृमिघ्न द्रव्ये

आयुर्वेदीय चिकित्सक आणि औषधविक्रेते या दोघांपुढेही अलीकडे एक मागणी वारंवार येऊ लागली आहे. गावाबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी किंवा नव्या वसाहतीच्या कडेला केस गळालेला, अंग खाजवून रक्तबंबाळ झालेला एखादा कोल्हा वा खोकड कोणाच्या तरी दृष्टीस पडतो, आणि ‘याच्यावर फवारायला किंवा खाण्यात घालायला एखादे नैसर्गिक औषध द्या’ असे म्हणत निसर्गप्रेमी मंडळी आपल्याकडे येतात. मागणीमागील भूतदया स्तुत्यच आहे. निंब, करंज, गंधक ही आपल्या नित्य व्यवहारातील द्रव्ये खरजेवर उपयुक्त आहेत, हेही खरे. परंतु एवढ्यावरून तेलाची बाटली हाती देणे योग्य ठरते काय, याचा विचार आपल्या व्यवसायात फारसा झालेला दिसत नाही. प्रस्तुत लेखात तो करावयाचा आहे. त्यासाठी आम्ही मुख्यतः ऑस्ट्रेलियातील वॉम्बॅट या प्राण्याचे उदाहरण घेतले आहे. मोकळ्या रानातील प्राण्यांच्या खरजेवर इतक्या चिकाटीने केलेला आणि इतका नीट नोंदवून ठेवलेला चिकित्साप्रयत्न अन्यत्र क्वचितच आढळतो.

व्याधी आणि त्याचा कर्ता

माणसातील खरूज आणि कुत्र्यातील लूत यांचे प्रमुख कारण सार्कोप्टीस स्केबिआय ही माइट होय. माइट हा कीटक नव्हे. कोळी आणि गोचीड यांच्या कुळातील हा आठ पायांचा सूक्ष्म जीव आहे. गोचीड डोळ्यांना दिसते. ही दिसत नाही, कारण मादीची लांबी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असते. मादी त्वचेच्या बाह्य स्तरात आडवे बीळ कोरीत जाते आणि दररोज दोन-तीन अंडी घालते. दोन ते चार दिवसांत अंड्यातून सहा पायांची अळी निघते आणि सुमारे दोन आठवड्यांत तिची पूर्ण वाढ होते. हे कालमान वैद्याने पक्के ध्यानात ठेवावे. आज लावलेल्या औषधाने आजच्या माद्या मेल्या तरी अंडी बहुधा वाचतात, आणि आठवड्याभरात नवी पिढी उभी राहते. १६८७ मध्ये इटलीतील बोनोमो व चेस्तोनी यांनी हा जीव सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याचा खरजेशी असलेला संबंध पत्ररूपाने प्रसिद्ध केला होता. तरीही हा संबंध वैद्यकात सर्वमान्य होण्यास पुढे जवळजवळ दीड शतक जावे लागले.

आपल्या ग्रंथांत क्षुद्रकुष्ठांतील पामा आणि तिचाच तीव्र प्रकार असलेली कच्छू यांच्याशी खरजेचे साम्य बहुतेक अध्यापक दाखवतात. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या पाचव्या अध्यायात कुष्ठाची गणना औपसर्गिक रोगांत केली असून एका शय्येवर निजणे, एका आसनावर बसणे, दुसऱ्याची वस्त्रे वापरणे ही संक्रमणाची द्वारे सांगितली आहेत, हे वाचकांना ज्ञात आहेच. यांतील ‘शय्या’ हा शब्द पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे.

रानात हा व्याधी काय करू शकतो याची कल्पना आपल्याला सहसा नसते, कारण आपण एकटादुकटा रोगी प्राणी पाहतो. स्पेनमधील काझोर्ला पर्वतराजीत १९८७ मध्ये आयबेक्स जातीच्या रानबोकडांत खरूज शिरली आणि काही वर्षांत तेथील ९५ टक्क्यांहून अधिक बोकड नष्ट झाले. रोगी पाळीव शेळ्यांकडून ती आली असावी असे मानले जाते. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात १९९४ मध्ये तांबड्या खोकडांत ती पसरली, तेव्हा दोन वर्षांत तेथील खोकडांची संख्या जवळजवळ तशीच घसरली. स्वीडनमध्ये १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून खोकडे इतकी कमी झाली, की त्यांचे भक्ष्य असलेले ससे व रानकोंबडे वाढले. अमेरिकेतील मोंटाना राज्यात तर १९०५ मध्ये लांडगे व कोयोटी यांचा नायनाट व्हावा म्हणून पकडलेल्या जनावरांना मुद्दाम खरूज लावून सोडून देण्याचा कायदाच करण्यात आला होता. आज मनुष्य ज्या रोगावर औषध शोधतो आहे, तो त्यानेच एके काळी सरकारी पशुवैद्याच्या हस्ते रानात सोडला होता.

वॉम्बॅटचे उदाहरण

वॉम्बॅट हा कांगारूप्रमाणे पोटाला पिशवी असलेला, ठेंगणा, गुबगुबीत, तृणभक्षी प्राणी आहे. वजन साधारणतः वीस ते पस्तीस किलो. तो बिळात राहतो आणि रात्री चरतो. युरोपीय वसाहतवाले व त्यांच्याबरोबर आलेले प्राणी यांच्याकडून खरूज ऑस्ट्रेलियात आली असे संशोधक मानतात. त्यामुळे या प्राण्याच्या शरीराला ती सर्वस्वी नवी आहे. रोगी वॉम्बॅटच्या अंगावर जाड खपल्यांचे कवच चढते, त्याला भेगा पडतात, केस जातात. डोळे व कान खपल्यांनी झाकले जाऊन प्राणी आंधळा-बहिरा होतो. केस गेल्याने शरीरातील उष्णता निघून जाते. ती भरून काढण्यासाठी तो विश्रांती सोडून भर दुपारी चरताना दिसतो आणि तरीही कृश होत जातो. टास्मानियातील नरावंटापू राष्ट्रीय उद्यानात २०१० ते २०१७ या काळात या एका रोगाने वॉम्बॅटची संख्या ९४ टक्क्यांनी घटली.

वॉम्बॅट एकलकोंडा आहे. दोन वॉम्बॅट एकमेकांच्या अंगाला क्वचितच लागतात. मग स्पर्शाने पसरणारा रोग इतका पसरला कसा? उत्तर शय्येत आहे. एका वॉम्बॅटची अनेक बिळे असतात, तो काही दिवसांनी बीळ बदलतो, आणि त्याने सोडलेल्या बिळात दुसरा येऊन निजतो. शरीराबाहेर माइट किती जगते यावर प्रयोग झाले आहेत. घरातील सामान्य तापमानात व कोरडसर हवेत ती एक-दीड दिवसात मरते. परंतु १० अंश तापमान आणि ९७ टक्के आर्द्रता असेल तर मादी १९ दिवसांपर्यंत तग धरते. थंड, दमट बीळ म्हणजे तिच्यासाठी सुरक्षित कोठारच. सुश्रुतांनी सांगितलेली सहशय्या येथे एकाच वेळी घडत नाही, पाळीपाळीने घडते, एवढाच फरक.

यावर योजलेला उपाय कौतुकास्पद आहे. वॉम्बॅटला पकडावयाचे नाही, म्हणून बिळाच्या तोंडाशी एक चौकट उभी करून तीत प्लास्टिकची झडप टांगतात. झडपेवर एका लहान डबीत औषध असते. वॉम्बॅट आत-बाहेर करताना झडप ढकलतो, डबी कलंडते आणि औषध त्याच्या पाठीवर पडते. औषध म्हणजे मॉक्सिडेक्टिन, गुरांच्या पाठीवर ओततात तेच. आठवड्यातून एकदा, सुमारे बारा आठवडे, असा क्रम. स्वयंसेवक घरोघरी या झडपा बनवतात. नरावंटापूमध्ये हा प्रयोग बिळाबिळावर, संपूर्ण वस्तीच्या पातळीवर झाला. रोग काही काळ ओसरला. परंतु नाहीसा झाला नाही, परत आला. झडपा पडत, वॉम्बॅट दुसऱ्या बिळात जात, एखाद्या आठवड्याची मात्रा चुकत असे. त्यानंतर फ्लुरालॅनर या औषधाचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ते एकदा त्वचेवर ओतले की एक ते तीन महिने रक्षण करते.

येथे आपल्या वाचकांनी एक गोष्ट टिपावी. मॉक्सिडेक्टिन निकामी नव्हते. माइट त्याने मरत होती. अपयश आले ते मात्रेच्या सातत्यात आणि बिळात. चरकाचार्यांनी विमानस्थानातील व्याधितरूपीय अध्यायात कृमींची त्रिविध चिकित्सा सांगितली आहे: अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानपरिवर्जन. वॉम्बॅटच्या बाबतीत प्रकृतिविघात साधला, अपकर्षण अर्धवट साधले, आणि निदानपरिवर्जन, म्हणजे दूषित शय्येचा त्याग, साधणे शक्यच नव्हते. फ्लुरालॅनरची युक्ती हीच की औषधाचा प्रभाव बिळातील माइटच्या आयुष्यापेक्षा अधिक काळ टिकवावयाचा. बीळ शुद्ध करता येत नसेल, तर बिळातील कृमी मरेपर्यंत शरीर दुर्गम ठेवावयाचे. निदानपरिवर्जनाचा हा वळसा आम्हाला फार बोलका वाटतो.

जेथे गंधकाने काम केले

नैसर्गिक द्रव्ये दुबळी असतात, असा निष्कर्ष मात्र यावरून कोणी काढू नये. त्याच ऑस्ट्रेलियात एकोणिसाव्या शतकात मेंढ्यांना सोरोप्टीस नावाच्या माइटची खरूज होती आणि लोकरीचा सारा व्यवसाय तिने धोक्यात आणला होता. १८९६ पर्यंत ती त्या खंडातून समूळ गेली. आजची कृत्रिम औषधे तेव्हा नव्हती. होते ते चुना व गंधक उकळून केलेले द्रावण आणि तंबाखू व गंधक यांचा काढा. हौद भरून त्यात एकूणएक मेंढी बुडवीत, ठरावीक दिवसांनी पुन्हा बुडवीत, रोगी कळपांची ये-जा कायद्याने बंद करीत, आणि जरूर तेथे कळप मारूनही टाकीत.

एकच देश, एकाच जातीचा शत्रू. मेंढीच्या ठिकाणी गंधक जिंकले आणि वॉम्बॅटच्या ठिकाणी गंधकापेक्षा कितीतरी प्रभावी औषध अपुरे पडले. फरक द्रव्यात नव्हता. मेंढी मोजता येते, पकडता येते, बुडवता येते आणि कुंपणात ठेवता येते. वॉम्बॅटबाबत यांतील एकही गोष्ट शक्य नाही. वन्य प्राण्यावरील औषधाची चर्चा द्रव्यापासून सुरू न करता येथून सुरू करावी, असे आमचे मत आहे.

प्रसंगोपात्त हेही सांगावेसे वाटते की ‘नैसर्गिक’ आणि ‘रासायनिक’ ही जी भिंत आपले ग्राहक उभी करतात, ती या विषयात फार पातळ आहे. आयव्हरमेक्टिन जपानच्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून आले, ज्यासाठी ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मॉक्सिडेक्टिनही अशाच एका मातीतील जीवाच्या स्रावावर संस्कार करून होते. आणि आपला वत्सनाभ तर पूर्णतः नैसर्गिक आहे.

निंब, करंज, हरिद्रा

आता आपल्या द्रव्यांकडे वळू. चरकाचार्यांच्या कण्डूघ्न महाकषायात निंब व नक्तमाल, म्हणजे करंज, ही दोन्ही आहेत. कृमिघ्न महाकषायात मात्र दोन्ही नाहीत. तेथे विडंग, मरिच, निर्गुंडी, आखुपर्णी आदी आहेत. निघंटुकारांनी पुढे निंब व करंज यांस कृमिघ्न म्हटले आहे, त्यामुळे यावरून वाद घालण्याचे कारण नाही. परंतु खाज शमणे आणि कृमी मरणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे या गणविभागणीवरून सुचते, आणि प्राण्यांच्या बाबतीत ते फार मोलाचे आहे. करंज तेल लावल्यावर कुत्रा दोन दिवस खाजवीत नाही, मालक समाधानाने घरी जातो, आणि तिसऱ्या आठवड्यात लूत दुप्पट होऊन परत येते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

निंब-हरिद्रेच्या कल्काचा तमिळनाडूतील अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. खरजेच्या ८१४ रुग्णांवर कल्क वापरला आणि ९७ टक्के रुग्ण ३ ते १५ दिवसांत बरे झाले. अभिमान वाटावा असाच हा निष्कर्ष आहे. पण त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि रुग्ण माणसे होती. माणूस कल्क अंगावर वाळू देतो, सांगितल्याप्रमाणे रोज लावतो, कपडे उकळतो, कुटुंबातील इतरांनाही लावतो. निंबतेलाच्या अर्कांचा सशाच्या खरजेतील माइटच्या अळ्यांवर मारक परिणाम चीनमधील संशोधकांनी २००८ मध्ये दाखविला, तोही काचेच्या बशीत. बशीतील अळी उघड्यावर असते. वॉम्बॅटवरील किंवा कोल्ह्यावरील माइट बोटभर खपलीच्या आड असते. कुष्ठावर लेप देण्यापूर्वी स्नेहन, स्वेदन व घर्षण यांचा जो आग्रह आपल्या आचार्यांनी धरला, त्यामागील हेतू हाच. रानातील प्राण्याचे स्वेदन कोण करणार?

दुसरी अडचण कार्यकालाची. निंबबीजातील अझाडिरॅक्टिन हे द्रव्य उन्हात व उष्णतेत लवकर विघटित होते. पर्यावरणाच्या दृष्टीने हा गुण होय, कारण ते साचून राहत नाही. परंतु चिकित्सेच्या दृष्टीने याचा अर्थ असा की लेप वारंवार हवा. शिवाय बाजारातील निंबतेलात त्याचे प्रमाण घाणीगणिक आणि हंगामागणिक बदलते. अंग झाकण्यापुरते तेल एकदा फवारून सुमारे दोन आठवड्यांचे कृमिचक्र तुटेल, ही अपेक्षा कोणत्याही शास्त्राला धरून नाही.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे आणि ती आपल्या दुकानातील फळीवरच बसलेली आहे. प्राणी अंग चाटतो. त्यामुळे त्याच्या बाबतीत ‘केवळ बाह्योपचारार्थ’ असे काही उरत नाही. प्रत्येक लेप हा काही तासांत आभ्यंतर प्रयोग होतो. मरिच्यादि तेल आपण पामेवर सर्रास देतो. त्यात हरताळ, मनःशिला व वत्सनाभ आहेत. कित्येक मलहरांत सिंदूर किंवा पारदाचे योग असतात. कुष्ठावरील लेपांत अर्कक्षीर, स्नुही, करवीर, भल्लातक यांची योजना आहे. माणसाच्या हातावर योग्य असलेली ही कल्पना चाटणाऱ्या जनावराच्या पोटात गेली तर विषप्रयोगच होईल. खरजेसाठी म्हणून कोणी तेल मागितल्यास ते माणसासाठी की जनावरासाठी, हा प्रश्न औषधविक्रेत्याने विचारल्याशिवाय बाटली देऊ नये.

मार्जारकुलाविषयी विशेष काळजी हवी. मांजर, बिबट्या, वाघ यांच्या यकृतात फिनॉलवर्गीय द्रव्ये निर्विष करणारी एक महत्त्वाची यंत्रणा जन्मतःच निकामी असते. तिचे जनुकच मार्जारकुलात मोडलेले आढळले आहे. म्हणून लवंगतेल, ओव्याचे फूल, विलायती ‘टी ट्री’ तेल इत्यादी सुगंधी तेले माइटवर कितीही तीक्ष्ण असली तरी या प्राण्यांवर वापरू नयेत. टी ट्री तेल तर ऑस्ट्रेलियाचेच. माणसावरील माइट बशीत त्याने लवकर मरतात हे २००४ मध्ये दिसून आले. पण त्याच तेलाने कुत्र्या-मांजरांना विषबाधा झाल्याच्याही नोंदी आहेत.

खाण्यात औषध मिसळून रानात ठेवणे हा मार्ग आम्हाला फवारणीहूनही अयोग्य वाटतो. कोणत्या प्राण्याने किती खाल्ले हे कळत नाही, निरोगी प्राणी खातात, आणि मुख्य म्हणजे एरवी दूर राहणारे प्राणी एका ठिकाणी जमतात. औपसर्गिक रोगात सहभोजनाचे स्थान सुश्रुतांनी सांगितलेलेच आहे. खरूज पसरविण्याची याहून सोपी रीत नाही.

पक्ष्यांची एक नोंद

नैसर्गिक उपचार प्राणी स्वतः करतात काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे एक सुंदर उदाहरण मैनेच्या कुळातील स्टार्लिंग या पक्ष्याचे आहे. हा पक्षी घरट्यात रानगाजरासारख्या उग्र वासाच्या वनस्पतींची ताजी पाने आणून घालतो. अमेरिकेत क्लार्क आणि मेसन यांनी १९८८ मध्ये दाखविले की ही पाने काढून टाकलेल्या घरट्यांत रक्तशोषक माइट फार वाढतात. पुढे युरोपात झालेल्या अभ्यासांत मात्र माइटच्या संख्येत फरक पडला नाही; तरीही पाने असलेल्या घरट्यांतील पिल्ले अधिक धष्टपुष्ट निघाली. म्हणजे तेथे वनस्पती कृमी मारीत नसून पिल्लाचे बल वाढवीत असावी. कृमीइतकेच क्षेत्राकडे पाहणाऱ्या आपल्या शास्त्राला हे नवल नाही. परंतु पक्ष्याची ही युक्ती आपण बाटलीत भरू शकत नाही, हेही तितकेच खरे. ती प्रत्येक विणीच्या हंगामात, पुन्हा पुन्हा, ताज्या पानांनी केली जाते.

मग आपले स्थान कोठे

पालकाप्य मुनींचा हस्त्यायुर्वेद पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ मध्ये छापून प्रसिद्ध केला. शालिहोत्रांच्या नावावर अश्ववैद्यक आहे. हे ग्रंथ चाळले असता असे दिसते की आपली पशुचिकित्सा ही मनुष्याने पाळलेल्या, बांधलेल्या, रोज हात लावता येणाऱ्या जनावरांची आहे. हस्तिशाळेतील हत्तीला अभ्यंग सांगितला आहे. रानातील कळपाला नाही. आम्ही याकडे उणीव म्हणून पाहत नाही. त्यात व्यवहाराचे भान आहे.

काझोर्लातील बोकडांना खरूज पाळीव शेळ्यांकडून मिळाली असावी, हे वर आलेच आहे. आपल्याकडेही रानाच्या सीमेवर शेळ्या चरतात, आणि उकिरड्यावरची भटकी कुत्री ज्या वाटेने फिरतात त्याच वाटेने रात्री कोल्हा फिरतो. ही शेळी आणि हा कुत्रा यांना हात लावता येतो. करंज, निंब आणि गंधक यांचे खरे क्षेत्र येथे आहे. रानातील कोल्ह्याच्या खरजेवरील चिकित्सा गावातील कुत्र्यापासून सुरू होते. यालाच आम्ही या प्रकरणातील निदानपरिवर्जन समजतो.

गावपातळीवर असे काम करावयाचे झाल्यास काही गोष्टी पाळाव्यात. प्रथम पशुवैद्याकडून त्वचा खरवडून निदान करून घ्यावे. केस गळणे म्हणजे माइटच असे नव्हे, दद्रू, डेमोडेक्स आणि नुसती उपासमार यांतही केस जातात. शेळीच्या बाबतीत खपल्या कोमट पाण्याने व रिठ्याने मऊ करून काढाव्यात आणि त्या जाळाव्यात. उकिरड्यावर टाकू नयेत. तिळतेलात सौम्य केलेले करंज तेल व त्यात शुद्ध गंधक, एवढा साधा योग पुरे. त्यात आणखी काही मिसळण्याचा मोह टाळावा. सर्वांग एकदम माखू नये, आज पुढचा भाग, उद्या मागचा, असे करावे, म्हणजे चाटण्यातून जाणारी मात्रा मर्यादित राहते. कासेला लावू नये. दुधाला वास येतो आणि करडू पिते. दर आठवड्याला पुन्हा, किमान चार वेळा, आणि दिसायला बरी झाल्यानंतरही निदान एकदा. कळपातील सर्व जनावरांना एकाच वेळी लावावे. एकट्या रोगी शेळीवर केलेला खर्च वाया जातो. गोठ्यातील जुना पाला काढून जमीन उन्हात चार दिवस रिकामी ठेवावी. कुत्र्यांना चाटू नये म्हणून गळ्यात पंखा बांधावा लागतो, तो भटक्या कुत्र्याला शक्य नाही. तेथे पशुवैद्याने दिलेली गोळी अधिक सोयीची, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. आयुर्वेदाचा मान एखाद्या कुत्र्याला लूत राहिल्याने वाढत नाही.

सुटका केंद्रात आणलेल्या वन्य प्राण्याची गोष्ट वेगळी. तेथे प्राणी पिंजऱ्यात असतो, वजन घेता येते, शय्या रोज बदलता येते, आणि गंधक-चुन्याच्या सौम्य द्रावणाला आधुनिक पशुवैद्यकातही मान्यता आहे. अशा ठिकाणी वैद्याचा सल्ला मागितला गेल्यास द्यावा. परंतु निर्णय तेथील पशुवैद्याचा असावा. प्राणी बरा झाला तरी तो ज्या ठिकाणी पुन्हा सोडावयाचा तेथील रोगाचा विचार आधी व्हावा.

कायद्याची बाजू थोडक्यात. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मध्ये आयुर्वेदीय औषधाची व्याख्या मनुष्य आणि प्राणी या दोघांनाही धरून आहे. त्यामुळे प्राण्यासाठी औषध बनविणे आपल्याला परके नाही. मात्र प्राण्याची चिकित्सा करण्याचा अधिकार भारतीय पशुचिकित्सा परिषद अधिनियम, १९८४ नुसार नोंदणीकृत पशुवैद्याचा आहे. वन्य प्राण्याला पकडणे, सापळा लावणे, इतकेच काय पण आमिष घालणे हेही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या संज्ञेत येते. हेतू दयेचा होता हे सांगून सुटका होईल असे कोणी धरून चालू नये. रोगी वन्य प्राणी दिसल्यास वनविभागाला कळवावे. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. स्थळ, वेळ, शक्य तर दुरून घेतलेले छायाचित्र आणि आसपास लूत लागलेली कुत्री आहेत काय ही माहिती दिल्यास तिचा उपयोग तेलाच्या बाटलीपेक्षा अधिक होतो.

शेवटी आपल्या स्वतःच्या रुग्णांविषयी. रोगी प्राण्याला उचलणारे स्वयंसेवक, वनरक्षक, शेळीपालक खाज घेऊन आपल्याकडे येतात. प्राण्यावरील माइट माणसाच्या त्वचेत शिरते, परंतु बहुधा तेथे वंश वाढवू शकत नाही. म्हणून या खरजेचे स्वरूप निराळे असते. संपर्कानंतर एक-दोन दिवसांतच खाज सुटते, पिटिका प्रामुख्याने हाताच्या आतल्या बाजूस, पोटावर, मांडीवर, म्हणजे प्राणी जेथे टेकला तेथे येतात. बोटांच्या बेचक्यातील नेहमीची बिळे सहसा दिसत नाहीत. प्राण्याशी संपर्क थांबला की दोन-तीन आठवड्यांत ती आपोआप शमते. अशा रुग्णास तीव्र रसकल्प देण्याचे प्रयोजन नाही. करंज तेलाचा अभ्यंग, निंबाच्या काढ्याने स्नान, पित्तकफघ्न आहार आणि कपडे उकळून उन्हात वाळविणे पुरेसे होते. महिन्यानंतरही खाज राहिली, किंवा घरातील प्राण्याशी संपर्क नसलेल्या व्यक्तीस ती सुरू झाली, तर ती मानवी खरूज समजून सर्व कुटुंबाची एकाच वेळी चिकित्सा करावी. आणि रुग्णाला प्राण्याविषयी प्रश्न विचारण्यास विसरू नये. बहुतेक वेळा तो स्वतःहून सांगत नाही.